गोठ्यातल्या तापाचा माग काढणारे डॉक्टर : सर डेव्हिड ब्रूस

सातव्या-आठव्या महिन्यात म्हैस गाभडली आणि जार अडकली, की घरात आधी नजर लागल्याची चर्चा होते आणि मग जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो. डॉक्टर येतात, हातमोजे चढवतात, पोराबाळांना लांब उभं करतात आणि रक्ताचा नमुना घेतात. घरच्यांना वाटतं, एवढी काय काळजी? म्हैस गाभडणं काही नवीन नाही. पण डॉक्टरांच्या मनात एका रोगाची शंका असते. सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस. हा रोग म्हशीपुरता थांबत नाही, तो धार काढणाऱ्या माणसालाही धरतो.

या रोगाच्या नावात एका माणसाचं आडनाव आहे. डेव्हिड ब्रूस. पेशाने लष्करी डॉक्टर, जनावरांचा डॉक्टर नव्हेच. पण माणसाच्या तापाचं मूळ शेळीत, बैलात, रानटी म्हशीत आणि माशीत शोधण्यात या माणसाची सगळी हयात गेली. त्यात त्यांना मोठं यश मिळालं, काही ठिकाणी ते चुकले, आणि दोनदा तरी श्रेयावरून वाद झाला.

सोन्याच्या खाणीपासून सुरुवात

ब्रूस यांचा जन्म 29 मे 1855 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. आई-वडील स्कॉटलंडचे. तिकडे सोनं सापडल्याची हाकाटी झाली तेव्हा वडील यंत्रं बसवण्याच्या कामासाठी गेले होते. मुलगा पाच वर्षांचा असताना कुटुंब परत स्कॉटलंडला, स्टर्लिंग गावी आलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा मँचेस्टरमध्ये एका गोदामात नोकरीला लागला. अंगाने दणकट होता, खेळाडू व्हायचं डोक्यात होतं. सतराव्या वर्षी न्यूमोनियाने ते स्वप्न मोडलं. पक्ष्यांचा नाद मात्र लहानपणापासून होता. त्या नादानेच एडिंबरा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायला गेले आणि तिथून वैद्यकाकडे वळले. 1881 मध्ये डॉक्टर झाले.

रायगेट या गावी एका डॉक्टरकडे मदतनीस म्हणून काम करताना मेरी एलिझाबेथ स्टील यांच्याशी ओळख झाली. मेरीही डॉक्टरच्याच घरातल्या. 1883 मध्ये लग्न झालं. खासगी दवाखान्यात मन रमेना म्हणून त्याच वर्षी ब्रूस लष्कराच्या वैद्यकीय खात्यात शिरले आणि 1884 मध्ये बायकोसह माल्टाला रवाना झाले. पुढची जवळपास पन्नास वर्षं ही दोघं जिथे गेली तिथे एकत्रच गेली. सूक्ष्मदर्शकासमोर बसणं, काचपट्ट्यांना रंग देणं, जे दिसेल त्याची चित्रं काढणं, नोंदी ठेवणं, ही सगळी कामं मेरी यांनी केली. पगार नाही, पद नाही. म्हणून ही गोष्ट सांगताना दोघांची सांगावी लागते.

माल्टाचा ताप

माल्टा हे भूमध्य समुद्रातलं छोटंसं बेट, ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ. तिथे दरवर्षी सैनिक एका विचित्र तापाने अंथरूण धरायचे. ताप चढायचा, उतरायचा, बरं वाटतं म्हणेपर्यंत पुन्हा चढायचा. रात्री घामाने चादर भिजायची. सांधे आणि कंबर दुखून माणूस हैराण व्हायचा. मरणारे थोडे, पण एकेक शिपाई दोन-दोन, तीन-तीन महिने खाटेवर. लष्कराच्या दृष्टीने हा निव्वळ तोट्याचा व्यवहार होता. जेवण चालू, पगार चालू, काम शून्य.

माल्टात तेव्हा धड प्रयोगशाळाही नव्हती. ब्रूस यांनी स्वतःच्या पैशाने सूक्ष्मदर्शक घेतला. तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत त्यांना अगदी बारीक, गोल ठिपक्यासारखे जंतू दिसले. ते त्यांनी प्रयोगशाळेत वाढवले, माकडांना टोचले, माकडांना तोच ताप आला. 1887 मध्ये हा शोध छापून आला. वय अवघं बत्तीस, हाताशी फारसं काही नसताना केलेलं काम. त्यानंतर ते बर्लिनला रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्राचं रीतसर शिक्षण घेऊन आले आणि नेटली इथल्या लष्करी वैद्यकीय शाळेत शिकवू लागले.

जंतू सापडला, पण तो माणसाच्या अंगात येतो कुठून, हे कळलं नाही. पाणी, गटारं, हवा, बंदरातली घाण, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. उत्तर रोज सकाळी दारात येऊन उभं राहत होतं. माल्टात गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गल्लीबोळांतून फिरायचे आणि गिऱ्हाईकाच्या दारातच धार काढून द्यायचे. दूध डोळ्यांदेखत काढलेलं, ताजं, भेसळ नाही. शेळ्याही धडधाकट. संशय घेणार कोण? ते कोडं सुटायला आणखी अठरा वर्षं गेली. मधल्या काळात ब्रूस आफ्रिकेत पोचले होते.

कुडाच्या घरातली प्रयोगशाळा

1894 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीच्या गव्हर्नरांनी त्यांना बोलावून घेतलं. हे गव्हर्नर वॉल्टर हेली-हचिन्सन पूर्वी माल्टात होते, ब्रूस यांचं काम त्यांना ठाऊक होतं. झुलूलँडमध्ये गुरांवर नागाना नावाचा रोग आला होता. बैल खंगत जायचा, डोळ्यांना पाणी, पोटाखाली सूज, अंगात रक्त उरायचं नाही, शेवटी उभ्या जागी कोसळायचा. ज्या भागात बैलाशिवाय ना नांगर चालतो ना गाडी, तिथे याचा अर्थ काय होतो हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको.

ब्रूस पती-पत्नी बैलगाड्यांतून कित्येक आठवडे प्रवास करत उबोंबो या डोंगरावरच्या ठाण्यावर पोचली. कुडाच्या भिंतींचं घर आणि त्याचीच पडवी ही प्रयोगशाळा. डोंगरावर गुरं ठीक राहायची, खाली सखल रानात नेली की आजारी पडायची. ब्रूस यांनी आजारी जनावरांचं रक्त तपासायला घेतलं. आधी अर्थातच जंतू शोधले, कारण त्या काळी सगळे डॉक्टर जंतूच शोधत होते. हाती काही लागेना. मग एका काचपट्टीवर तांबड्या पेशींच्या मधून काहीतरी वळवळताना दिसलं. सापासारखं अंग, एका बाजूला पातळ पडद्यासारखी झालर, आणि वाटेत येईल त्या पेशीला ढुशी देत चाललेलं. हा जंतू नव्हता, एकपेशीय परजीवी होता.

अशा जातीचा परजीवी याआधी हिंदुस्थानात सापडला होता. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने सर्रा रोगाने मरणाऱ्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला होता. वरिष्ठांनी तेव्हा त्यांचं म्हणणं उडवून लावलं. रोगाला परजीवी कारणीभूत नाही, आजारी रक्तात तो आपोआप येतो, असा त्यांचा समज होता. ब्रूस यांनी दोन परजीवींतलं साम्य ओळखलं. सर्रा आपल्याकडे आजही आहे. गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात.

पण झुलूलँडमध्ये तो जनावराच्या अंगात कसा शिरत होता? गोरे शिकारी म्हणायचे त्सेत्से माशीच्या विषाने. झुलू गुराखी म्हणायचे रानटी जनावरांमुळे, त्यांनी उष्टावलेलं गवत-पाणी गुरांच्या पोटात गेल्यामुळे. ब्रूस यांनी दोन्ही गोष्टी तपासायच्या ठरवल्या. निरोगी घोडे तोंडाला मुसकं बांधून खाली रानात नेले, म्हणजे तिथलं गवत-पाणी पोटात जायला नको. माश्या चावू दिल्या आणि घोडे परत वर आणले. घोडे आजारी पडले. खालचं गवत आणि पाणी वर आणून इतर घोड्यांना दिलं. ते ठणठणीत राहिले. शेवटी माश्याच पकडून डोंगरावर आणल्या आणि जो घोडा कधी खाली गेलाच नव्हता त्याला चावू दिल्या. तोही आजारी पडला.

प्रयोग साधा आहे. शाळेतल्या पोरालाही समजेल असा. त्या कुडाच्या घरात याहून महागडं काही शक्यही नव्हतं.

यापुढचा प्रश्न खरा अवघड होता. रानात पाळीव गुरं नसतात, तिथल्या माशीला परजीवी मिळतो कुठून? ब्रूस यांनी रानटी म्हैस, कुडू, वाइल्डबीस्ट, बुशबक अशा जनावरांची शिकार करवून त्यांचं रक्त आणलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बहुधा काहीच दिसायचं नाही. तेच रक्त कुत्र्याला टोचलं की काही दिवसांत कुत्रा नागानाने आजारी. म्हणजे परजीवी रक्तात होता, पण इतका थोडा की डोळ्याला सापडत नव्हता. आणि ज्यांच्या अंगात तो होता ती जनावरं मजेत चरत होती.

गवत-पाण्याबाबत झुलू गुराखी चुकले होते, पण रानटी जनावरांबाबत त्यांचं बरोबर होतं. गोऱ्यांचं माशीबाबत बरोबर होतं, विषाबाबत चूक. ब्रूस यांनी दोन्हींमधलं खरं तेवढं उचलून जोडलं. परजीवीला पुढे 1899 मध्ये त्यांचंच नाव मिळालं, ट्रिपॅनोसोमा ब्रुसी. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं सदस्यत्वही मिळालं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटली. माशी म्हणजे नुसती टोचणीची सुई, एका अंगातलं रक्त दुसऱ्या अंगात नेणारी, असं ते धरून चालले. प्रत्यक्षात परजीवी माशीच्या पोटात काही आठवडे वाढतो, रूप बदलतो आणि मगच चावण्यातून पुढे जातो. हे क्लाइने या जर्मन डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत 1909 च्या सुमारास सिद्ध केलं. ब्रूस यांनी ते पुन्हा तपासून पाहिलं आणि मान्य केलं.

मध्येच बोअर युद्ध आलं. नोव्हेंबर 1899 ते फेब्रुवारी 1900 असा चार महिने लेडीस्मिथ शहराला वेढा पडला होता. ही दोघं आतच अडकली. ब्रूस इस्पितळ सांभाळत होते, शस्त्रक्रिया करत होते, आणि मेरी परिचारिका म्हणून राबत होत्या. त्या कामाबद्दल मेरी यांना रॉयल रेड क्रॉस हा सन्मान मिळाला.

युगांडाची झोप

1901 पासून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी माणसं झोपेच्या आजाराने मरू लागली. आधी ताप, मानेवर गाठी, मग डोकं जड, बोलणं तुटक, जेवता जेवता डोळा लागणं आणि शेवटी न उतरणारी गुंगी. बेटंच्या बेटं रिकामी झाली. काही वर्षांत मेलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या वर गेला असा अंदाज आहे. रॉयल सोसायटीने पाठवलेल्या पहिल्या तुकडीतले तरुण इटालियन डॉक्टर आल्डो कास्टेलानी यांना रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात ट्रिपॅनोसोमा दिसला होता, पण त्याचा अर्थ त्यांना नीट लागत नव्हता. मार्च 1903 मध्ये ब्रूस एन्टेबीला उतरले. कास्टेलानींनी त्यांना जे पाहिलं ते सांगितलं आणि ब्रूस यांना क्षणात झुलूलँड आठवलं. परजीवी तोच असेल तर माशीही आसपास असलीच पाहिजे.

पुढचं काम विज्ञानापेक्षा तलाठ्याच्या कामासारखं होतं. बुगांडाचे पंतप्रधान अपोलो काग्वा, गावोगावचे मुखिये आणि मिशनरी यांना निरोप गेले. आपापल्या भागातल्या चावऱ्या माश्या पकडून पाठवा आणि आपल्याकडे झोपेचा आजार आहे की नाही तेही कळवा. पाकिटं येऊ लागली. एका नकाशावर माश्यांच्या खुणा, दुसऱ्यावर आजाराच्या. दोन्ही शेजारी ठेवले तर खुणा जुळल्या. सरोवराच्या आणि नद्यांच्या काठची झाडी, तिथेच त्सेत्सेची एक जात, तिथेच आजार. काठापासून लांब गेलं की दोन्ही गायब. माकडांना माश्या चावू देऊन खात्री करून घेतली. ब्रूस तिथे राहिले जेमतेम पाच महिने.

परजीवी आधी कोणी पाहिला यावरून कास्टेलानी आणि ब्रूस यांच्या बाजूने पुढे कित्येक वर्षं भांडण चाललं. निवाडा करायचा तर पाहिला कास्टेलानींनी, ओळखला आणि माशीशी जोडला ब्रूस यांनी. ब्रूस हे तसे फटकळ, हुकमी स्वभावाचे गृहस्थ. श्रेय वाटून घेण्याची त्यांना फारशी सवय नव्हती.

पुढे इंग्रज सरकारने काठावरची वस्ती सक्तीने हलवली. रोग ओसरला, पण लोकांची घरं, मासेमारी, केळीच्या बागा सगळं सुटलं. 1908 मध्ये ब्रूस पुन्हा युगांडात आले तेव्हा माणसं नसलेल्या त्या काठावरच्या माश्या अजूनही रोग पसरवू शकत होत्या. माणूस नाही तर परजीवी राहतो कुठे? गुरं आणि हरणं त्याला अंगात सांभाळू शकतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नागानाचा परजीवी माणसाला सहसा काही करत नाही, कारण माणसाच्या रक्तात त्याला मारणारा एक घटक असतो. झोपेचा आजार करतात ते त्याचेच दोन सख्खे भाऊ, ज्यांनी त्या घटकावर मात केली आहे. आपल्याकडच्या सर्राचा परजीवीही याच कारणाने माणसाला धरत नाही असं डॉक्टर मानत आले होते. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला कित्येक महिने येणारा-जाणारा ताप होता. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा सापडला, आणि तो सर्राचाच निघाला. भारतात माणसाला सर्रा झाल्याची ही पहिली नोंद. तपासणीत कळलं की परजीवीला मारणारा तो घटक या शेतकऱ्याच्या रक्तात जन्मतःच काम करत नव्हता. आफ्रिकेत झोपेच्या आजारावर वापरतात ते औषध मागवावं लागलं आणि माणूस बरा झाला.

शेळीचं दूध

1904 मध्ये रॉयल सोसायटीने माल्टा तापासाठी आयोग नेमला आणि त्याची सूत्रं ब्रूस यांच्याकडे दिली. प्रत्यक्ष बेटावर राहून काम करणाऱ्यांत एक होते तिथलेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट. 1905 मध्ये त्यांनी प्रयोगासाठी काही शेळ्या घेतल्या. प्रयोग सुरू करण्याआधी शेळ्या निरोगी असल्याची खात्री करावी म्हणून रक्त तपासलं, तर सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्तात रोगाची खूण आधीच होती. मग बेटावरच्या शेळ्यांची तपासणी झाली. जवळपास निम्म्या शेळ्यांना संसर्ग होऊन गेला होता आणि सुमारे दहातल्या एका शेळीच्या दुधातून जंतू बाहेर पडत होते. अंगावर रोगाची खूण नाही, दूधही चांगलं.

त्याच वर्षी माल्टाहून अमेरिकेला शेळ्या घेऊन एक जहाज निघालं होतं. वाटेत खलाशांनी शेळ्यांचं कच्चं दूध प्यायलं आणि त्यातले बरेच जण माल्टा तापाने आजारी पडले. कोणी आखूनसुद्धा इतका स्वच्छ प्रयोग करू शकला नसता.

1906 मध्ये सैनिकांना शेळीचं दूध बंद झालं. वर्षाला शेकड्यांनी येणारे लष्करी रुग्ण एक-दोन वर्षांत बोटांवर मोजण्याइतके राहिले. बेटावरच्या सामान्य लोकांसाठी मात्र दारातली धार चालूच राहिली. गवळ्यांचं पोट त्यावर होतं आणि उकळलेल्या दुधाला चव नसते ही तक्रार होती. दूध निर्जंतुक करून विकायला माल्टात 1938 साल उजाडलं. सैनिकाला जे एका हुकमाने मिळालं, ते नागरिकाला मिळायला तीस वर्षं लागली. श्रेयाच्या खात्यावर इंग्लंडमध्ये बराच काळ ब्रूस यांचंच नाव जमा होत राहिलं. झामिट यांचं नाव आता माल्टा आदराने घेतं. बेटावरची प्राचीन मंदिरं उकरून काढणारे संशोधकही तेच.

माल्टाच्या शेळीचा हा जंतू आणि डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गाभडणाऱ्या गाईंत शोधलेला जंतू हे एकाच घरातले आहेत, हे 1918 मध्ये ॲलिस इव्हान्स या अमेरिकी संशोधिकेने दाखवलं. कच्च्या दुधाचा धोका सांगणाऱ्या या बाईंवर दूधवाल्यांनी आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नाही. पुढे त्यांना स्वतःलाच हा रोग झाला आणि त्याने त्यांना वर्षानुवर्षं छळलं. 1920 मध्ये या जंतूंच्या घराण्याला ब्रुसेला हे नाव देण्यात आलं.

आपल्याकडे घरोघरी दूध उकळतात म्हणून मोठं संकट टळतं. पण कोल्हापूर-बेळगावकडे तालमींमुळे धारोष्ण दुधाची गोडी आहे, आणि ब्रुसेलाला तीच वाट सोयीची. दुसरी वाट हाताची. गाभडलेलं वासरू आणि जार उघड्या हाताने उचलणं, जार उकिरड्यावर टाकणं, ती कुत्र्याने गल्लीभर ओढणं. हे काम बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येतं. हातावर एखादी चीर असली तरी पुरते. नंतर येणारा ताप टायफॉइड, मलेरिया, कधी क्षय समजून महिनोन् महिने चुकीची औषधं चालतात. डॉक्टरांना घरात जनावरं आहेत आणि एक गाभडली होती एवढं सांगितलं तरी तपासणीची दिशा बदलते. औषध आहे, पण किमान सहा आठवडे नेमाने घ्यावं लागतं.

जनावरासाठी लस आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, रेडीला आयुष्यात एकदाच टोचायची. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 2019 पासून ती सरकारतर्फे दिली जाते. गाभण जनावराला आणि नराला ती देत नाहीत. लसीत जिवंत जंतू असतात, म्हणून टोचणाऱ्यानेही जपावं लागतं. गाभडलेलं वासरू आणि जार चुना टाकून खोल पुरायची, जागा धुऊन घ्यायची आणि बाजारातून नवीन जनावर आणलं तर रक्त तपासून मगच ते दावणीला घ्यायचं. बाजार कर्नाटकात, दावण महाराष्ट्रात किंवा गोव्यात असा व्यवहार सीमाभागात रोजचा असल्याने हे शेवटचं जास्तच महत्त्वाचं.

आणि दोडामार्ग, सत्तरीकडच्या लोकांना माकडतापाबद्दल सांगायला नको. 1957 मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडांतून पसरतो. त्यात निदान माकडं मरून इशारा तरी देतात. माल्टाची शेळी तेवढंही करत नव्हती.

बंदुकीचा सल्ला

1908 मध्ये ब्रूस सर झाले. 1911 ते 1914 दरम्यान न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, त्यांनी झोपेच्या आजाराचा आणखी एक तीव्र प्रकार अभ्यासला. रानटी जनावरांच्या रक्तात तोच परजीवी सापडला. नागाना आणि हा मानवी आजार एकाच परजीवीमुळे होतो असं त्यांचं मत झालं आणि त्यांनी माशीच्या पट्ट्यातल्या रानटी जनावरांचं कायदेशीर संरक्षण काढून टाकण्याचा सल्ला दिला. विलायतेत गदारोळ उठला. निसर्गप्रेमी एका बाजूला, पशुपालक दुसऱ्या बाजूला.

ब्रूस यांच्या डोळ्यांसमोर एक उदाहरण होतं. 1896-97 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीने गुरांसोबत रानटी म्हशीही झपाट्याने मेल्या, आणि त्यानंतर काही भागांतून त्सेत्से माशी गायब झाली. तर्क चुकीचा नव्हता. पण तो राबवायचा म्हणजे रानंच्या रानं बंदुकीने साफ करायची. पुढच्या काही दशकांत झुलूलँडमध्ये आणि ऱ्होडेशियात ते झालंही. हजारो जनावरं मारली गेली. झुलूलँडमधली माशी अखेर हटली ती 1940 च्या दशकात विमानातून फवारलेल्या डीडीटीने. रोगाचा साठा नेमका ओळखणाऱ्या माणसाने साठा संपवण्याचा इतका सोपा हिशेब मांडावा, ही त्यांच्या कारकिर्दीतली खटकणारी बाब आहे. खापर एकट्या ब्रूस यांच्यावर फोडता येत नाही, कारण त्या काळी वसाहतींच्या सरकारांना रानापेक्षा गुरांचे कळप हवे होते.

पहिल्या महायुद्धात ते लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख होते. धनुर्वाताच्या समितीचं काम त्यांनी पाहिलं. खंदकात राहणाऱ्या सैनिकांना येणारा ताप उवांमुळे पसरतो का, हे तपासणाऱ्या समितीचंही. उत्तर होय असं आलं. 1919 मध्ये ते निवृत्त झाले. तरुणपणी न्यूमोनियाने दुखावलेली छाती म्हातारपणी पुन्हा त्रास देऊ लागली, म्हणून हिवाळे मादेइरा बेटावर काढावे लागायचे.

मूलबाळ नव्हतं. 23 नोव्हेंबर 1931 रोजी मेरी गेल्या. ब्रूस तेव्हा स्वतः कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. आपल्या कामाबद्दल पुढे कुणी लिहिलंच, तर त्यात मेरी यांचा वाटा नोंदवला जावा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. चार दिवसांनी, 27 नोव्हेंबरला, लंडनमध्ये मेरी यांच्यासाठीची प्रार्थना चालू असतानाच ब्रूस यांनीही प्राण सोडला. ते 76 वर्षांचे होते.